खंडेनवमीची तार

आमच्या रेडिओ केंद्राचे व्यवस्थापक फार गोड बोलायचे. गोड बोलणाऱ्या माणसाचा मला मुळातच संशय येतो, आणि त्यांच्या बाबतीत तो पहिल्याच आठवड्यात खरा ठरला. त्यांच्याबद्दल आज लिहायला बसले आहे ती राग निवळला म्हणून नव्हे. राग आहे तसाच आहे, उलट बरणीतल्या लोणच्यासारखा मुरला आहे. सगळे त्यांना सर म्हणत. मीही म्हणायचे, म्हणून इथेही तेच म्हणते.

केंद्र म्हणजे विट्याच्या पुढच्या माळावर, एका संस्थेच्या बंद पडलेल्या वसतिगृहातल्या दोन खोल्या. एका खोलीत स्टुडिओ, दुसरीत ट्रान्समीटर, मागे टॉवर आणि टॉवरच्या शेंड्याला ॲन्टेना. आजूबाजूच्या गावांत आवाज जायचा. मेंढरं राखणारे, डाळिंबवाले, शिलाई मशीनवर बसलेल्या बाया, असे आमचे श्रोते. वारा मात्र विचारू नका. पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत.

मी कराडला इंजिनिअर झाले आणि पुण्यात एका कंपनीत ॲन्टेना मोजायच्या कामाला लागले. दिवसभर तेच काम, आणि मला ते मनापासून आवडायचं. वडील गेल्यावर आई गावात एकटी पडली. पुण्याला यायला ती तयार नव्हती, "तिथं कुणाशी बोलू, भिंतीशी?" म्हणायची. म्हणून मी परत आले. रेडिओ लहरी शिकलेल्या माणसाला आईच्या घरून एसटीने जाऊन येऊन करता येईल अशी त्या भागात ही एकच नोकरी होती. ती गेली असती तर मला पुन्हा पुणं गाठावं लागलं असतं, तेही 'हिला काम येत नव्हतं' हा शिक्का घेऊन. हे सरांना चांगलं माहीत होतं.

पुढचं कळायला माझं काम थोडं सांगावं लागेल. ट्रान्समीटर जी शक्ती वर पाठवतो ती ॲन्टेनाने घ्यावी लागते. ॲन्टेनाचं आणि केबलचं जमत असेल तर ती घेते आणि हवेत सोडते. जमत नसेल तर त्यातला वाटा केबलमधून माघारी येतो आणि ट्रान्समीटरच्या अंगावर पडतो. पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी मागं मारतं, तसं. किती गेलं आणि किती परत आलं यावरून मीटर एक आकडा दाखवतो. त्याला आम्ही एसडब्ल्यूआर म्हणतो. तो एकाच्या जवळ असेल तर खुशाल चहा प्यावा. तीनच्या पुढे गेला की ट्रान्समीटर स्वतःच हात आखडता घेतो, कारण माघारी आलेलं सगळं सोसत राहिला तर तो जळेल. हात आखडला की लांबच्या गावांत नुसती खरखर उरते.

सरांना हा आकडा आवडायचा नाही. केंद्रात त्यांच्या शब्दाबाहेर जाणारी तेवढी एकच गोष्ट होती, ती आणि मी.

आमची पहिली ठिणगी पडली ती माझ्या पहिल्या खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागात हत्यारं पुजतात. कोयता, पाना, ट्रॅक्टर, वजनकाटा, ज्याचं पोट ज्यावर चालतं ते पुजायचं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात ही पूजा नाही, पण दुसऱ्याने करू नये असं मी कधी म्हटलेलं नाही. माइकला हार घातला, मी गप्प बसले. मिक्सरवर फूल ठेवलं, तेव्हाही गप्प बसले. मग सरांनी मूठभर हळदकुंकू घेऊन ट्रान्समीटरच्या जाळीवर उधळलं. जाळीमागे पंखा चालू होता. त्याने ते सगळं आत ओढून घेतलं.

मी सगळ्यांसमोर मशीन बंद केलं, जाळी काढली आणि ब्रशने कुंकू झाडायला लागले.

सर हसत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम, ऱ्हाऊ द्या. तुमच्यात चालत न्हाई, आमाला ठावं हाय."

"पंख्यात कुंकू कुणातच चालत नाही, सर," मी म्हटलं.

कुणीतरी फिसकन हसलं. सरही हसले. ते हसू मी ओळखायला हवं होतं. पण मला अजूनही वाटतं की मी बरोबर केलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा झाडेन.

दुसऱ्या वर्षी मी खंडेनवमी आणि दसरा अशी दोन दिवस रजा काढली. दसऱ्याचा दिवस आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तनाचा. आईला घेऊन विहारात गेले, पांढरी साडी नेसले, दोन दिवस छान गेले. परत कामावर निघाले त्या सकाळी आईने चहा देता देता सांगितलं, "तुमचं रेडिओ बिघडलंय बघ. परवा दुपारपासनं लय खरखर करतंय. ती बाई काय बोलती कायबी कळंना."

ती बाई म्हणजे आमची निवेदिका. संध्याकाळी ती बायकांचे फोन घेऊन गप्पा मारायची, आणि आई तो कार्यक्रम कधी चुकवायची नाही. स्वतः फोन करायची नाही, पण प्रत्येक बाईला घरात बसून उत्तर द्यायची.

केंद्रात पोचले तर आकडा तीनच्या पुढे. टेबलावर आपट्याची पानं पडलेली. सरांनी त्यातलं एक उचलून माझ्या हातात ठेवलं. "घ्या मॅडम, सोनं. तुमी नसल्यावर मशीनला बी करमत न्हाई बघा."

मी कामाला लागले. ॲन्टेनाची केबल काढून तिच्या जागी खोटा भार लावला. म्हणजे एक डबा असतो, तो सगळी शक्ती मुकाट गिळतो, माघारी काही पाठवत नाही. ट्रान्समीटर एकदम सुरळीत. म्हणजे दोष मशीनचा नाही. मग ॲनलायझर केबलला जोडला. हे पुस्तकाएवढं यंत्र केबलमधून लहर सोडतं आणि माघारी कुठून आली ते पडद्यावर दाखवतं. केबलच्या सगळ्या लांबीवर रेघ सपाट होती आणि अगदी शेवटी उंचवटा. म्हणजे केबलही चांगली. दोष वर, ॲन्टेनापाशीच.

आणखी एक गोष्ट होती. सकाळी वारा पडलेला असला की आकडा एका जागी थांबे. दुपारी वारा सुटला की आकडा हलायला लागे, वर जाई, खाली येई. म्हणजे वर काहीतरी लोंबत होतं आणि वाऱ्याने हलत होतं. खालून डोळे फाडून पाहिलं. काही दिसलं नाही.

मी सरांना विचारलं, "मी नव्हते तेव्हा टॉवरवर कुणी चढलं होतं का?"

"टॉवरवर? कोण चढतंय वं? आमाला जीव जड झालाय व्हय?"

हे त्यांचं शब्दन् शब्द उत्तर. मी विसरले नाही आणि विसरणारही नाही.

"मग मला चढून बघावं लागेल."

"छे छे. कमिटीला इचारल्याशिवाय न्हाई. आन् मॅडम, राग मानू नका, पर टॉवरच्या बुडाला आपण नारळ फोडतो. बाईमाणसानं त्याच्यावर पाय देऊन चढायचं, बरं दिसत न्हाई." असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. अपमान केला की ते चहा सांगत. त्या नोकरीत मी फार चहा प्याले.

मी त्यांना पडद्यावरचा उंचवटा दाखवला. दोष किती लांब आहे हे यंत्र सांगतंय, म्हटलं. ते पडद्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो आलेख मला कळत न्हाई आन् कळून घ्यायचा बी न्हाई. आवाज जात न्हाई ना? मग पावर वाढवा."

मी नाही म्हटलं. जितकं जास्त पाठवू तितकं जास्त माघारी येईल, मशीन बंद पडेल. त्यांनी मान डोलावली, अगदी समजल्यासारखी, आणि मी जेवायला बसले असताना स्वतः जाऊन पॉवर वाढवली. बाजारभाव चालू होते. बाजारभावांच्या मधोमध सगळं गप्प झालं. निवेदिका काचेआडून हात हलवत राहिली आणि तिचा आवाज कुठेच जात नव्हता. मशीनने स्वतःला वाचवलं म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी केंद्राला कुलूपच लागलं असतं.

पडदीपलीकडून मला त्यांचा फोन ऐकू आला. संस्थेच्या अध्यक्षांना, अण्णांना केला होता. "अण्णा, खरं सांगू का, मॅडमच्या हातात मशीन गेल्यापासनं बिघाड सुरू हाय. शिकलेल्या हायत, हुशार हायत, पर हाताला गुण नसतोय एकेकाच्या." थोडा वेळ तिकडचं ऐकलं आणि म्हणाले, "व्हय, कमिटीत घिऊ इषय."

त्या वेळी मला भयंकर संताप आला. रडूही येत होतं, पण त्या माणसासमोर रडायचं नाही एवढं ठरवून मी ॲनलायझरची पिशवी पुन्हा पुन्हा आवरत बसले. कामाला गुण नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. हाताला गुण नाही याला काय उत्तर देणार? माझ्या आजीच्या हातचं पाणी ज्यांनी घेतलं नाही, त्यांची ही भाषा.

दरम्यान सरांनी केंद्रात सत्यनारायण घातला. आकडा होता तिथेच राहिला. मी प्रसादाचा शिरा खाल्ला, तो मात्र चांगला झाला होता.

तुळशीची लग्नं लागली आणि सर एका नातेवाइकाच्या लग्नाला इस्लामपूरला गेले. मी याच दिवसाची वाट पाहत होते. दुपारी प्रसारणाला सुट्टी असायची, तेवढ्यात मी ट्रान्समीटर बंद केला, मुख्य बटणही पाडलं आणि त्याच्यासमोर निवेदिकेला खुर्ची टाकून बसवलं. "ताई, मी खाली येईपर्यंत या बटणाला देव जरी आला तरी हात लावू द्यायचा नाही."

"देवाचं बघते मी. सर आलं तर?" ती म्हणाली.

"त्यांना तर मुळीच नाही."

कमरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट, खिशात पक्कड. पुण्यात मी याहून उंच चढले होते, पण तिथे असा वारा नव्हता. वर गेले, पट्टा अडकवला, आणि पाहते तर काय! ॲन्टेनाच्या नळ्यांना वेढे देऊन बांधलेली तार. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती काळी, बारीक, बाइंडिंगची तार. तिचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं आणि नळीला टेकत होतं. तारेत झेंडूचे चारदोन वाळलेले देठ अडकले होते, आंब्याच्या पानांच्या शिरा होत्या आणि एक सुकून खडा झालेलं लिंबू.

खंडेनवमीची माळ! वर वारा असतो, दोरा टिकणार नाही, म्हणून कुणा शहाण्याने ती तारेत ओवली होती. फुलं दोन दिवसांत झडून गेली असणार. तार राहिली, आणि ॲन्टेनाच्या अंगाला धातूचे वेढे पडल्यावर ॲन्टेनाचं केबलशी कुठलं जमतंय? या भागाबाहेरच्या कुणाला मी हे सांगितलं तर तो खोटं समजेल.

मी तिथेच लटकत शिव्या दिल्या. आई ऐकती तर तोंडावर मारती अशा दिल्या. मग पक्कडीने एकेक वेढा तोडला आणि सगळी तार गुंडाळून खिशात घातली.

खाली येऊन ॲनलायझर जोडला. शेवटचा उंचवटा नाहीसा झाला होता. ट्रान्समीटर लावला, आकडा एकाच्या जवळ येऊन थांबला. वाऱ्यातसुद्धा हलला नाही. निवेदिकेने मला मिठी मारली, माझ्या कपड्यांना टॉवरचा गंज लागला होता तरी. मग हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू? टावरला रंग देणारा रंगारी चढला हुता खंडेनवमीला. सरांनीच चढवला. आमाला म्हणालं, मॅडमला कुणी सांगायचं न्हाई, त्या परत झाडत बसतील."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. इतके दिवस मी यंत्राला विचारत होते ते माझ्या शेजारी बसून जेवणाऱ्यांना माहीत होतं. निवेदिकेवर मला तेव्हा जो राग आला तो मी बोलून दाखवला नाही. तिलाही तिची नोकरी सांभाळायची होती.

आईने संध्याकाळी सांगितलं, "आज कसं सोच्छ येतंय!" आणि रेडिओवर कुणी बाई सुनेची तक्रार करत होती तिला चांगलं झापलं.

कमिटीची बैठक झाली. मी तार नेली होती. माझा विषय निघाला तेव्हा ती टेबलावर ठेवली, लिंबासकट, आणि सांगितलं, "अण्णा, बिघाड हा होता. ही तार ॲन्टेनाला बांधली होती. काढली आणि सगळं सुरळीत झालं."

अण्णांनी तार हातात घेऊन फिरवली. म्हातारा माणूस, कारखान्याच्या राजकारणात मुरलेला. "कुणी बांदली ही?"

मी सरांकडे पाहिलं. आता कसे सुटता, असं मला वाटत होतं. सरांनी खाली बघितलं, दोन्ही हात जोडले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, माळ हाय ती. खंडेनवमीची. नारळ फोडून, पूजा करून बांदल्याली. मॅडमनी पक्कडीनं तोडली."

कुणीतरी टेबलावरची तार उचलून खिडकीत ठेवली, देवाची वस्तू असल्यासारखी. बिघाड कुणामुळे झाला हे विचारायचं राहूनच गेलं. एका सदस्याने विचारलं, "पर काडायच्या आदी इचारायचं तरी हुतं कुणाला?" दुसरा म्हणाला, "त्यांच्यात न्हाई मानत." मी म्हटलं, "मी विचारलं होतं. सर म्हणाले कुणी चढलंच नाही." ते कुणी ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि पुढे गेले.

शेवटी अण्णा म्हणाले, "पोरी, काम तू चांगलं केलंस, मी न्हाई म्हणत न्हाई. पर तुमचं दोगांचं पटत न्हाई, आन् त्यो जुना माणूस हाय. आन् आता तर समदं चालतंय की! मग रोज माणूस कशाला पायजे? पुण्याचा कोण तरी मधनं मधनं यिऊन बघून जाईल."

म्हणजे दुरुस्त झालं म्हणून माझी गरज संपली. झालं नसतं तर मला काम येत नाही म्हणून काढलं असतं. मी उठले. दाराशी सर उभे होते. म्हणाले, "चहा घिऊन जावा मॅडम." त्या एका चहाला मी नाही म्हटलं.

पुण्याला मात्र गेले नाही. साखर कारखान्यांत यार्डावरून ऊसगाड्यांना बोलवायला वायरलेस सेट असतात. ते दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मला काम मिळालं. तिथे बायका का चढतात हे कुणी विचारत नाही, सेट चालला की झालं. आईच्या घरी रोज संध्याकाळी माझ्या जुन्या केंद्राचा आवाज स्वच्छ यायचा. त्यात कधी सरांचं निवेदन असायचं, तेही स्वच्छ. ते ऐकताना माझा जळफळाट व्हायचा, आणि आई अभिमानाने शेजारणीला सांगायची, "आमच्या पोरीनं नीट केलंय ते."

यंदा दसरा होऊन गेला आणि सरांचा फोन आला. वर्षभराने तोच गोड आवाज. "मॅडम, बऱ्या हायसा ना? आवं, आवाज जाईना झालाय बगा. पुण्याचा माणूस म्हणतोय मशीन बदला. तुमी जरा यिऊन गेला तर..."

मी एवढंच विचारलं, "माळ कशात ओवली?"

पलीकडून आवाज आला, "तारंतच. वर वारा लय असतोय."

"सर, बाईमाणसाने टॉवरवर चढलेलं बरं दिसत नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

आई चुलीपाशी रेडिओ कानाला लावून बसली होती. आवाज वाढवत होती, कमी करत होती, रेडिओ खिडकीत नेऊन बघत होती. खरखरीच्या आत निवेदिकेचा आवाज कुठेतरी बुडत होता. माझं बोलणं तिने ऐकलं होतं.

"तुला ठावं हाय नव्हं काय झालंय ते?" तिने विचारलं.

"हो."

"मग जा की. काडून ये."

"नाही जाणार."

"त्येंच्यासाटी नगं जाऊ. माज्यासाटी जा."

मी जागची उठले नाही. आईने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग रेडिओ बंद केला, त्यातले सेल काढले आणि ते फडक्यात बांधून फळीवर ठेवून दिले. तेव्हापासून संध्याकाळी आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी अजून गेलेले नाही.